फुटबॉलपटू ते महाविद्यालयीन प्रशिक्षक : परभणी जिल्ह्यातील खेळाडूंसाठी

व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द बहुतेकदा पस्तिशीच्या आत संपते. गुडघा दुखावला तर त्याच्याही आधी. पुढे पंचवीस वर्षांचे कमावते आयुष्य उरते. खेळ सुटू नये आणि महिन्याच्या महिन्याला पगारही हाती पडावा, असे वाटणाऱ्या खेळाडूला महाविद्यालयात प्रशिक्षक होणे हा सर्वांत सरळ मार्ग वाटतो. मार्ग सरळ आहे, पण लांब आहे. परभणीसारख्या जिल्ह्यातून निघालेल्या खेळाडूला त्याची सुरुवात खेळ थांबल्यावर करून चालत नाही. अंगावर जर्सी असतानाच करावी लागते.

पद कोणते

अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक हे स्वतंत्र आणि पूर्णवेळ पद असते. ब्रूस अरीना हे गोलरक्षक १९७६मध्ये टॅकोमा टाइड्स या व्यावसायिक संघाकडून थोडा काळ खेळले आणि १९७८मध्ये त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ हाती घेतला. १९९५पर्यंत ते तिथेच राहिले. या काळात संघाने पाच वेळा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. पुढे अरीना यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेचा राष्ट्रीय संघ २००२च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. तिकडे विद्यापीठाचा संघ चालवणे ही पूर्ण कारकीर्द होऊ शकते.

महाराष्ट्रात तसे नाही. अनुदानित महाविद्यालयात फुटबॉल प्रशिक्षकाचे मंजूर पद नसते. मंजूर असते ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे, आणि तेही सहसा महाविद्यालयामागे एकच. विद्यार्थी ज्यांना ‘स्पोर्ट्सचे सर’ म्हणतात ते हेच. कबड्डी, खो-खो, कुस्ती, मैदानी खेळ, क्रिकेट, बुद्धिबळ अशा सगळ्या खेळांचे संघ त्यांनीच काढायचे. विद्यार्थ्यांचे एलिजिबिलिटी फॉर्म, प्रवासभत्त्याची बिले, साहित्याची नोंदवही, नॅकच्या मूल्यांकनासाठी लागणारी पाच-पाच वर्षांची माहिती, राष्ट्रीय सणांचे संचलन हेही त्यांच्याच टेबलावर येते. फुटबॉल त्यातला एक खेळ असतो, आणि मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी तो कबड्डी आणि क्रिकेटच्या मागे असतो. फुटबॉलपटूला महाविद्यालयात कायमचे पाय रोवायचे असतील तर दार हेच. हे आधी समजून घेतले की पुढची निम्मी फसगत टळते.

परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांमधली कला, वाणिज्य, विज्ञान शाखांची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. परभणीचे श्री शिवाजी महाविद्यालय, सेलूचे नूतन महाविद्यालय, जिंतूर आणि परभणी येथील ज्ञानोपासक महाविद्यालय ही त्यांतली काही. विद्यापीठ १९९४मध्ये स्थापन झाले. शहराला लागून असलेले वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२चे; त्याचा कारभार, भरती आणि स्पर्धा वेगळ्या. नोकरी शोधणाऱ्याने या दोन्ही विद्यापीठांच्या जाहिराती स्वतंत्रपणे पाहाव्यात.

पदवीची वाट आणि लायसन्सची वाट

या क्षेत्रात शिक्षणाच्या दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. बहुतेक खेळाडूंचा घोटाळा इथेच होतो.

पहिली वाट विद्यापीठाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार महाविद्यालयीन क्रीडा संचालक होण्यासाठी शारीरिक शिक्षण (एम.पी.एड.) किंवा क्रीडाशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी लागते. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. त्यासोबत नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, अथवा नियमांप्रमाणे मिळवलेली पीएच.डी. लागते. महाविद्यालयाचे, विद्यापीठाचे किंवा राज्याचे प्रतिनिधित्व केल्याची नोंद लागते, आणि शेवटी शारीरिक क्षमता चाचणी असते. नेट जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. निवड झाल्यावर वेतनस्तर १०, म्हणजे ५७,७०० रुपये मूळ वेतनापासून सुरुवात होते.

क्षमता चाचणी ही खेळाडूसाठी सर्वांत सोपी पायरी आहे. पुरुषांना बारा मिनिटांत तिशीपर्यंत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५०० मीटर आणि पंचेचाळिशीपर्यंत १२०० मीटर अंतर धावत किंवा चालत पार करायचे असते. महिलांना आठ मिनिटांत तिशीपर्यंत १००० आणि चाळिशीपर्यंत ८०० मीटर. पोलीस भरतीच्या तयारीत १६०० मीटर धावणाऱ्या परभणीच्या मुलांना या आकड्यांचे हसू येईल. अडचण धावण्याची नसते, ५५ टक्क्यांची असते.

याच नियमांत एक अपवाद आहे. आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतील पदकविजेता पदव्युत्तर पदवीधर असेल तर त्याला या पदाचे दार वेगळ्या कलमाने उघडते. फुटबॉलपटूला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. राष्ट्रकुल स्पर्धांत फुटबॉल नाही, आणि आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे शेवटचे पदक मिळाले ते १९७०मध्ये बँकॉकला, कांस्य. तेव्हा हा अपवाद आपल्यासाठी आहे असे समजून अभ्यास टाळू नये.

दुसरी वाट महासंघाची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आशियाई फुटबॉल महासंघ यांच्या लायसन्सच्या पायऱ्या डी, सी, बी, ए आणि प्रो अशा चढत जातात. डी लायसन्सचे वर्ग राज्य संघटनेमार्फत होतात. महाराष्ट्रात ती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे सगळे जिला ‘विफा’ म्हणतात ती. प्रत्येक पायरीनंतर प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून एकामागून एक लायसन्स झटपट काढता येत नाहीत. क्लबच्या, अकादमीच्या आणि लीगच्या जगात हीच कागदपत्रे चालतात.

ए लायसन्स असलेला माजी खेळाडू एम.पी.एड. नसेल तर क्रीडा संचालकाच्या मुलाखतीलाही बोलावला जात नाही. उलट पीएच.डी. झालेला क्रीडा संचालक लायसन्सशिवाय व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक होऊ शकत नाही. या दोहोंच्या मधे आणखी एक पदविका आहे. पतियाळा येथे १९६१पासून चालणाऱ्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे ‘एनआयएस’चा, एक वर्षाचा प्रशिक्षण अभ्यासक्रम. सरकारी क्रीडा खात्यात आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणात तिला वजन आहे. पण महाविद्यालयीन पदासाठी ती एम.पी.एड.ची जागा घेत नाही.

ज्याला महाविद्यालयातच राहायचे आहे त्याने पदवीची वाट पूर्ण चालावी आणि लायसन्सच्या वाटेवर किमान सी पर्यंत जावे. ज्याचे मन क्लबकडे आहे त्याने उलट करावे. दोन्हीकडे अर्धे-अर्धे राहणारा दोन्हीकडे तात्पुरता राहतो.

घाई कशासाठी

क्लबच्या भरवशावर राहणे महाराष्ट्रात किती धोक्याचे आहे, हे गेल्या पंधरा वर्षांच्या इतिहासावरून दिसते. १९६२पासूनचा, २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५मध्ये, मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स २०१७च्या सुमारास, एफसी पुणे सिटी २०१९मध्ये मैदानातून गेले. प्रत्येक वेळी पंचवीस-तीस खेळाडूंचे करार एकाच आठवड्यात निरर्थक ठरतात आणि त्यांतल्या फार थोड्यांकडे पदवी असते. जुलै २०२५मध्ये तर देशातील सर्वोच्च लीग असलेल्या इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच अनिश्चित काळासाठी थांबवण्यात आला होता. रेल्वे, बँका आणि तेल कंपन्यांच्या संघांत कायम नोकरी मिळालेले खेळाडू यातून सुटले, पण अशा जागा आता पूर्वीइतक्या निघत नाहीत.

खालिद जमील यांचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळलेले जमील २००९मध्ये, वयाच्या बत्तिशीत, मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. २०१७मध्ये त्यांनी मिझोरमच्या ऐजॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि ऑगस्ट २०२५मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. उदाहरण खरे आहे आणि स्फूर्ती देणारेही. पण ही क्लबची वाट आहे, प्रो लायसन्सपर्यंत चढलेली, आणि तिच्यावर एका जमील यांच्यामागे कितीतरी खेळाडू वाटेतच थांबलेले असतात. महाविद्यालयाचा विचार करणाऱ्याने त्यांच्याकडून चिकाटी घ्यावी, नकाशा घेऊ नये.

नकाशा हवा असेल तर तो जवळ, जुन्या हैदराबाद संस्थानात सापडतो. परभणी १९४८पर्यंत त्याच संस्थानात होती. सय्यद अब्दुल रहीम यांनी उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेतली, विद्यापीठाच्या संघाकडून खेळले, शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवली आणि हैदराबादच्या शाळांत शिक्षक म्हणून नोकरी केली. त्याच जोडीला त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघ घडवला. या संघाने मुंबईत भरणारा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. लोक त्यांना रहीमसाहेब म्हणत. ‘मैदान’ या २०२४च्या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोचले. पण त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट पडद्यावर ठसठशीत दिसत नाही : त्यांच्या प्रशिक्षणाच्या मुळाशी शिक्षकाची शिस्त होती. खेळाडूंनी फक्त कमकुवत पायाने खेळायचे, अशा स्पर्धा ते भरवत. असे काही सुचायला मुलगा कुठे अडतो हे रोज पाहणारा माणूस लागतो.

खेळत असतानाचे काम

बारावीनंतर ज्याला कुठल्या तरी अकादमीत किंवा क्लबात बोलावणे येते, तो पदवी अर्धवट सोडतो. हे करू नये. नियमित वर्गाला बसणे शक्य नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येते. पण नियमित विद्यार्थी म्हणून एखाद्या महाविद्यालयात नाव असणे अधिक फायद्याचे, कारण आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा त्याशिवाय खेळता येत नाहीत. विद्यापीठाच्या संघात निवड होऊन ‘कलर होल्डर’ झालेल्या खेळाडूला पुढच्या प्रत्येक अर्जात ते प्रमाणपत्र कामी येते. क्लबकडून शंभर सामने खेळलेल्याकडे ते नसेल तर त्याला प्रतिनिधित्वाचा पुरावा शोधत फिरावे लागते.

बी.पी.एड. आणि एम.पी.एड. हे प्रत्येकी दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. बी.पी.एड. घरबसल्या होत नाही, वर्गात आणि मैदानावर हजर राहावे लागते. महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते आणि तिच्यात मैदानी चाचणीही असते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून काम करते आणि शारीरिक शिक्षणासाठी देशभर ओळखले जाते. पुण्याचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालयही जुने आणि नावाजलेले. जवळचे महाविद्यालय निवडताना त्याची मान्यता चालू आहे की नाही हे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या यादीत पाहून घ्यावे. केवळ फी कमी म्हणून प्रवेश घेतलेल्यांची पदवी नंतर अडकल्याचे प्रकार घडतात.

ही चार वर्षे कुठून काढायची, हा खरा प्रश्न. सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी, दोन करारांच्या मधली रिकामी जागा ही त्यासाठी योग्य वेळ. तेव्हा अंगात खेळ असतो, अभ्यासाची सवय पूर्ण मोडलेली नसते, आणि बी.पी.एड. करताना जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळणे चालू ठेवता येते. पस्तिशीला एम.पी.एड.च्या पहिल्या वर्षाला बसणारेही असतात, पण नेटच्या प्रश्नपत्रिकेतील शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी आणि संशोधन पद्धती हे विषय त्या वयात जड जातात. नेटमध्ये पहिल्या पेपरचे ५० आणि विषयाच्या पेपरचे १०० प्रश्न मिळून ३०० गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही.

प्रमाणपत्रांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तालुका स्पर्धेपासून लीगपर्यंतचे प्रत्येक प्रमाणपत्र, संघनिवडीचे पत्र, स्पर्धेची अधिकृत संघयादी आणि क्लबच्या कराराची प्रत एका फाइलमध्ये ठेवावी. वर्तमानपत्राचे कात्रण पुरावा म्हणून धरले जात नाही. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत खेळाडूची नोंद असते. त्यातील नाव, जन्मतारीख आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरील नोंद तंतोतंत जुळते का हे आजच तपासावे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे. ज्या संघटनेने स्पर्धा भरवली ती राज्य संघटनेशी संलग्न होती का, हा पहिला प्रश्न असतो. खासगी ‘राष्ट्रीय’ स्पर्धांची चकचकीत प्रमाणपत्रे इथे रद्दी ठरतात.

जागा मिळेपर्यंत

पात्रता पूर्ण झाली म्हणून नोकरी लगेच मिळत नाही. अनुदानित जागांची भरती महाराष्ट्रात वर्षानुवर्षे रखडते आणि मधल्या काळात पात्र उमेदवार तासिका तत्त्वावर, म्हणजे ‘सीएचबी’वर, काम करतात. त्यात तासांप्रमाणे मानधन, सुटीच्या महिन्यांत काही नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. एवढ्यावर घर चालत नाही हे मान्य करूनच आखणी करावी.

या काळात चार कामे करण्याजोगी आहेत. बी.पी.एड.वर शाळेत क्रीडाशिक्षक होता येते आणि सुब्रतो कपसाठी संघ तयार करता येतो. १९६०पासूनच्या या शालेय स्पर्धेची चढण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी आहे, आणि तिच्यात संघ विभागापर्यंत नेला तरी प्रशिक्षकाचे नाव क्रीडा खात्यात माहीत होते. दुसरे, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला लेखी अर्ज देऊन आंतरविद्यापीठ स्पर्धेपूर्वीच्या सराव शिबिरासाठी प्रशिक्षक म्हणून नाव कळवावे. पश्चिम विभागीय स्पर्धेआधी विद्यापीठाला खरा फुटबॉल जाणणारा माणूस हवा असतो, आणि क्रीडा संचालकांमध्ये फुटबॉल खेळलेले मोजकेच सापडतात. माजी व्यावसायिक खेळाडूची सर्वांत चांगली दाद इथे लागते. मानधन थोडे असते, पण अनुभवाचे पत्र मिळते. तिसरे काम खेलो इंडिया केंद्राचे. जिल्हा पातळीवरच्या या केंद्रांत माजी विजेत्या खेळाडूला प्रशिक्षक नेमण्याची तरतूद आहे आणि केंद्र चालवण्यासाठी वर्षाला पाच लाख रुपयांचे साहाय्य मिळते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात याची चौकशी करावी. चौथे, स्वतःची लहान मुलांची फुटबॉल शाळा. परभणी शहरात ती चालू शकते. तालुक्याच्या गावी फी देणारे पालक फुटबॉलपेक्षा क्रिकेटला पैसे देतात, हे लक्षात ठेवून खर्च बेतावा.

परभणीच्या मैदानावर

महाविद्यालयात पाऊल ठेवल्यावर माजी खेळाडूला पहिला धक्का मैदानाचा बसतो. गोदावरी आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन कापूस-सोयाबीनसाठी उत्तम आणि फुटबॉलसाठी कठीण. पावसात तिचा चिखल बुटाला पायलीभर चिकटतो, आणि दिवाळीनंतर ती आकसून भेगाळते. भेगेत पाय अडकून घोटा मुरगळणे ही इथली नेहमीची दुखापत. मैदान नव्याने करायचे झाले तर काळी माती काढून मुरमाचा थर, वर लाल माती आणि मधून कडेला उतार, असे करावे लागते. एवढा पैसा बहुतेक संस्थांकडे नसतो. तोवर भेगा बारीक मातीने भरून, संध्याकाळी पाणी मारून सकाळी रोलर फिरवणे हा स्वस्त उपाय आहे. नियमाप्रमाणे मैदान किमान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद असावे. पण सरावाला पूर्ण मैदान लागतेच असे नाही. पावसाळ्यात कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात ४० बाय ३० मीटरच्या चौकटीत चारास चार खेळवले तर प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक लागतो. नवशिक्यांना अकरा-अकराच्या सामन्यापेक्षा हेच जास्त उपयोगी.

वेळेचे गणित मैदानापेक्षा अवघड. महाविद्यालयातील निम्मी मुले खेड्यातून एसटीने ये-जा करतात. संध्याकाळचा सराव ठेवला की शेवटची गाडी चुकते आणि आठवड्यात संघ अर्ध्यावर येतो. सकाळच्या तासांआधीचा किंवा दुपारच्या मधल्या सुटीतला सराव टिकतो. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी नेमकी आंतरमहाविद्यालयीन हंगामात येते. त्या दिवसांत घरच्या शेतात राबणाऱ्या मुलाला ‘शिस्त नाही’ म्हणून संघातून काढणाऱ्या प्रशिक्षकाला इथे संघ मिळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाया पक्का करून घ्यावा, सप्टेंबरमध्ये सराव सामने उरकावेत आणि सुगीच्या दोन-तीन आठवड्यांत आठवड्याला दोनच सत्रे ठेवावीत. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सकाळी साडेसातनंतर पळवू नये.

संघ कोणातून निवडायचा? शाळेपासून फुटबॉल खेळलेली अकरा मुले तालुक्याच्या महाविद्यालयात मिळणे कठीण. पण खो-खोचा पळती करणारा मुलगा दिशा बदलण्यात तरबेज असतो. त्याला चेंडू पायात ठेवायला शिकवला तर वर्षभरात चांगला विंगर होतो. कबड्डीतला पकड करणारा अंगाला अंग भिडवायला घाबरत नाही. त्याला बचावात घ्यावे. व्हॉलीबॉलचा उंच ब्लॉकर गोलरक्षक म्हणून पाहावा. सर्वांत मोठा साठा भरतीच्या मुलांचा आहे. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले प्रत्येक महाविद्यालयात आहेत आणि त्यांचा दम तयार आहे. फुटबॉलच्या सरावाने त्यांची १६०० मीटरची वेळ बिघडत नाही हे घड्याळ लावून दाखवले, तर ती मुले टिकतात. कोल्हापुरात तालीम मंडळांनी फुटबॉल गल्लोगल्ली नेला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे शाहू स्टेडियममुळे घराघरांत पोचली. परभणीत तशी मंडळे नाहीत. इथे सुरुवात महाविद्यालयालाच करावी लागणार.

मोठ्या पातळीवर खेळलेला माणूस प्रशिक्षक झाल्यावर एक चूक हमखास करतो. तो करून दाखवतो, शिकवत नाही. चाळीस मीटरचा पास तो सहज टाकतो, मुले टाळ्या वाजवतात, आणि कोणालाही तो जमत नाही. जे आपल्याला वयाच्या बाराव्या वर्षी नकळत आले, ते एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा शिकणाऱ्याला टप्प्याटप्प्याने सांगावे लागते : उभा पाय चेंडूपासून किती अंतरावर, घोटा कसा घट्ट, नजर कधी वर. डी लायसन्सच्या वर्गात हेच शिकवतात, म्हणून राष्ट्रीय खेळाडूनेही तो वर्ग कमीपणा न मानता करावा. दुसरी चूक, क्लबमधला सराव जसाच्या तसा लादणे. व्यावसायिक खेळाडूला पौष्टिक जेवण, फिजिओ आणि दुपारची झोप असते. वसतिगृहातल्या मुलाला सकाळी पोहे आणि दुपारी तास असतात. आठवड्याला तीन ते चार सत्रे, प्रत्येकी नव्वद मिनिटांच्या आत, एवढे पुरे. सत्राची सुरुवात फिफाने दुखापती टाळण्यासाठी आखलेल्या ‘इलेव्हन प्लस’ या व्यायामांनी करावी. त्याला वीस मिनिटे लागतात, चेंडूशिवाय फारसे साहित्य लागत नाही आणि नियमित केल्यास गुडघ्या-घोट्याच्या दुखापती लक्षणीय घटतात.

मुलींचा संघ नंतर पाहू म्हणून पुढे ढकलला जातो. आंतरविद्यापीठ स्पर्धांत महिलांचा फुटबॉल आहे, देशात २०१६-१७पासून महिलांची राष्ट्रीय लीग आहे, आणि मुलींच्या संघांची संख्या कमी असल्याने विद्यापीठाच्या संघात निवडीची संधी त्यांना तुलनेने लवकर मिळते. पालकांची पहिली शंका प्रवासाची आणि मुक्कामाची असते. महिला सहप्रशिक्षक किंवा प्राध्यापिका सोबत असेल, निघण्या-परतण्याची वेळ लेखी कळवली असेल, तर बहुतेक घरांतून परवानगी मिळते. कनिष्ठ महाविद्यालयातील खेळाडू अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्याबाबत २०१२चा पोक्सो कायदा लागू आहे, आणि एकांतात सराव, खासगी मेसेज, एकट्याने गाडीवर नेणे या गोष्टी प्रशिक्षकाने स्वतःहून टाळाव्यात. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ही दोन्ही नोकरीच्या आधीच घेऊन ठेवावीत.

महाविद्यालयीन संघाची चढण ठरलेली आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठ संघाची निवड, शिबिर, भारतीय विद्यापीठ संघ या संस्थेची पश्चिम विभागीय स्पर्धा, आणि विभागात वरचे स्थान मिळाले तर अखिल भारतीय स्पर्धा. तिथल्या आघाडीच्या संघांना २०२०पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत प्रवेश मिळतो. परभणीच्या एखाद्या महाविद्यालयाचा संघ या शेवटच्या पायरीवर उभा राहील अशी अपेक्षा पहिल्या पाच वर्षांत ठेवू नये, कारण तिथे महाविद्यालयाचा संघ जातच नाही, विद्यापीठाचा जातो. नव्या प्रशिक्षकाने स्वतःची मोजणी वेगळ्या गोष्टीवर करावी : आपल्या महाविद्यालयातील किती खेळाडू विद्यापीठाच्या संघात गेले. दरवर्षी एक गेला तरी काम नीट चालले आहे, दोन गेले तर उत्तम.

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या ज्या खेळाडूंचे पदवीचे एखादे वर्ष किंवा एखादा विषय अडकलेला आहे, त्यांनी पुढच्या क्लब चाचणीला जाण्याआधी त्या परीक्षेचा अर्ज भरावा.